४११००१ मूळ आहे हे सिद्ध कसं करायचं? मोठ्या मूळ संख्येचे गुणधर्म काढण्याचा योग्य क्रम

एखादी मोठी संख्या मूळ वाटणं आणि ती मूळ आहे हे सिद्ध होणं, यांत फार जण गल्लत करतात. ऑलिंपियाडची तयारी करणारी मुलं असोत की बीएस्सीची, वह्यांमध्ये तोच प्रकार दिसतो. शेवटचा अंक पाहिला, अंकांची बेरीज केली, दहा-बारा छोट्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं, आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या. मग त्याच संख्येबद्दल पुढचा प्रश्न आला, उदाहरणार्थ ती दोन वर्गांची बेरीज आहे का, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. कामाचा क्रम बरोबर ठेवला तर सिद्धता आणि गुणधर्म एकाच आकडेमोडीतून निघतात. तो क्रम पुढे दिला आहे.

उदाहरणाला ४११००१ घेऊ, म्हणजे पुणे कॅम्पचा पिनकोड. सांकेतिक लेखनात, म्हणजे गुप्त संदेशांसाठी, वापरतात त्या संख्यांपुढे ही अगदीच लहान, पण हाताने करून पाहायला पुरेशी मोठी आहे. आणि हाताने एकदा केल्याशिवाय ही पद्धत अंगवळणी पडत नाही.

## तयारी

चौकटीची वही घ्या. अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानात मिळते. एका चौकटीत एक अंक लिहिला की वजाबाकीतल्या निम्म्या चुका होतच नाहीत.

कॅल्क्युलेटर किमान १२ अंक दाखवणारा हवा. १० अंकांचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर इथे दगा देतो: उत्तर अकरा अंकी झालं की तो शेवटचे अंक गाळतो, आणि आपल्याला नेमके तेच लागतात.

लिहिण्याची पद्धत आधी ठरवा. ७^८ म्हणजे ७ चा आठवा घात. ‘मॉड ४११००१’ म्हणजे ४११००१ ने भागून उरलेली बाकी. या लेखात सगळी आकडेमोड मॉड ४११००१ आहे, म्हणून दर वेळी तसं लिहीत नाही.

बाकी ४११००१ च्या निम्म्याहून मोठी आली तर ऋण करून घ्या. ४०१०६१ च्या जागी −९९४० लिहिलं की पुढचा वर्ग चुटकीसरशी होतो.

इशारा: बाकी काढताना भागाकारातला दशांश भाग भाजकाने गुणू नका. पूर्णांक भाग घ्या, त्याला ४११००१ ने गुणा आणि मूळ संख्येतून वजा करा. दशांशाच्या वाटेने गेलात की शेवटच्या अंकाचा भरवसा राहत नाही.

प्रत्येक ओळीला नऊचा आणि अकराचा ताळा करा. नमुना: ४६०८६ चा वर्ग = ५१६७ × ४११००१ + २७७२२९. नऊचा ताळा पाहू. ४६०८६ च्या अंकांपासून ६ मिळतात, त्यांचा वर्ग ३६, म्हणजे ०. उजवीकडे ५१६७ पासून १, ४११००१ पासून ७, २७७२२९ पासून २; १ × ७ + २ = ९, म्हणजे पुन्हा ०. जुळलं. दोन अंकांची अदलाबदल नऊच्या ताळ्यात सापडत नाही, शेजारचे अंक उलटले असतील तर अकराच्या ताळ्यात सापडते. म्हणून दोन्ही करा, आळस करू नका.

## टप्पा १: गाळणी

५० च्या आतल्या मूळ संख्यांनी भागून पाहा. हा टप्पा फक्त संयुक्त संख्या बाहेर काढण्यासाठी आहे. यातून पार पडलेली संख्या मूळ ठरत नाही.

पुण्याचेच पिनकोड पाहा. चिंचवडचा ४११०१९ शेवटच्या अंकावरून आणि बेरजेवरून सुटतो, पण तो ७ × ७१ × ८२७ आहे. बिबवेवाडीचा ४११०३७ तर ११ × ११ × ४३ × ७९. आणि खडकवासल्याच्या एनडीएचा ४११०२३ खरा फसवा: २ पासून १३७ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने त्याला भाग जात नाही. १३९ ने जातो, १३९ × २९५७.

फक्त भागाकारावर सिद्धता द्यायची असेल तर वर्गमुळापर्यंत जावंच लागतं. ६४१ चा वर्ग ४१०८८१ आणि ६४२ चा ४१२१६४, म्हणून ६४१ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या वापरायच्या. त्या ११६ आहेत. सहा अंकी संख्येला ही वाट पूर्ण प्रामाणिक आहे आणि परीक्षेत चालते. पण ११६ भागाकारांतून ‘मूळ आहे’ एवढंच कळतं, आणि वीस अंकी संख्येला ही वाट बंद होते.

खात्री करा: ४११००१ ला ५० च्या आतल्या एकाही मूळ संख्येने भाग जात नाही. ७ ने भागल्यावरची बाकी ३ येते. ही बाकी टिपून ठेवा, टप्पा ३ मध्ये लागेल.

## टप्पा २: एक वजा करून अवयव पाडा

बहुतेक जण इथेच चुकतात. ते संख्येचेच अवयव शोधत बसतात. अवयव पाडायचे ते संख्येतून एक वजा करून.

४११००१ − १ = ४११००० = २^३ × ३ × ५^३ × १३७

मूळ अवयव चारच: २, ३, ५, १३७. प्रत्येकाने भागून चार घातांक लिहून ठेवा: २०५५००, १३७०००, ८२२००, ३०००. पुढची सगळी आकडेमोड या चार घातांकांसाठी आहे.

इशारा: इथला प्रत्येक अवयव खरोखर मूळ असायला हवा. एखादा मोठा अवयव ‘दिसतो मूळ’ म्हणून तसाच ठेवला तर पुढची सिद्धता लंगडी पडते.

## टप्पा ३: पाया निवडा

आता एक पाया हवा, असा की त्याचा ४११००० वा घात १ होतो, पण वरच्या चार घातांकांवर १ होत नाही. सवयीने सगळे २ घेतात. या संख्येला २ चालत नाही, आणि हे घात न काढताच कळतं.

एखाद्या पूर्णांकाचा वर्ग करून ४११००१ ने भागल्यावर जी बाकी उरते तिला वर्गशेष म्हणू. वर्गशेष असलेला पाया २०५५०० व्या घातालाच १ होतो, म्हणून तो बाद. वर्गशेष ओळखायला पारस्परिकतेचा नियम (दोन मूळ संख्यांपैकी एक दुसरीचा वर्गशेष आहे का, हे उलट बाजूने पाहून सांगणारा) वापरा:

२ साठी: संख्येला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ आली तर २ वर्गशेष. इथे बाकी १. बाद.

३ आणि ५ साठी: ४११००१ ला ४ ने भागून बाकी १ येते, म्हणून उलटं पाहिलं तरी चालतं: ४११००१ ही ३ च्या आणि ५ च्या दृष्टीने वर्ग आहे का? दोन्हीकडे बाकी १, आणि १ हा वर्गच. दोन्ही बाद. ४ आणि ६ हे याच संख्यांचे गुणाकार, तेही बाद.

७ साठी: टप्पा १ मधली बाकी ३. सातच्या दृष्टीने वर्ग फक्त १, २, ४ (आणि शून्य). ३ त्यांत नाही. म्हणून ७ घ्या.

ही निवड अंदाजपंचे नाही. ४११००१ चे प्रिमिटिव्ह रूट, म्हणजे वरच्या अटीत बसणारे पाये, १०८८०० आहेत, म्हणजे कुठलाही पाया उचलला तर साधारण चारांत एकदा जमतं. वर्गशेष वगळून २०५५०० उरतात आणि हे सगळे प्रिमिटिव्ह रूट त्यांतच असतात. म्हणजे आता संधी निम्म्याहून जास्त.

इशारा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: पारस्परिकतेचा नियम इथे ४११००१ मूळ आहे असं धरून वापरला. पाया निवडायला ते चालतं. पण ‘७ वर्गशेष नाही, म्हणून ७^२०५५०० = −१’ असं सिद्धतेत लिहिलंत तर जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलं. तो घात प्रत्यक्ष काढावाच लागतो. अनेक चांगल्या वह्यांतले गुण याच ओळीवर जातात.

## टप्पा ४: घात काढा

७ ला दोन लाख वेळा गुणायचं नाही. वर्ग करत जायचं आणि प्रत्येक पायरीला बाकी घ्यायची. तुमच्या वहीशी ताडून पाहायला माझे आकडे:

७^४ = २४०१
७^८ = १०७८७
७^१६ = ४६०८६
७^३२ = २७७२२९, म्हणजे −१३३७७२
७^६४ = ३७५४४५, म्हणजे −३५५५६
७^१२८ = ४०१०६१, म्हणजे −९९४०

१३७ = १२८ + ८ + १. म्हणून ७^१३७ = −९९४० × १०७८७ × ७ = ३३९३६७, म्हणजे −७१६३४. याला ‘य’ म्हणा.

य का घेतला? चारपैकी तीन घातांक १३७ च्या पटीत आहेत: ८२२०० = १३७ × ६००, १३७००० = १३७ × १०००, २०५५०० = १३७ × १५००. म्हणजे एकदा य काढला की तिन्ही कामं एका साखळीत होतात. साखळीतले थांबे असे:

य^५ = २०५८०८
य^२५ = −१७११६४
य^१०० = १४२२०२
य^१२५ = २७०९३
य^२५० = −१७१३७
य^५०० = २२२०५५
य^७५० = १०१७२४

३००० साठी वेगळी साखळी लागते. ३७५ = २५६ + ६४ + ३२ + १६ + ७. त्यावरून ७^३७५ = −३६६३१ काढा आणि तीनदा वर्ग करा: −८८१०४, १४९९३०, आणि शेवटी १२७२०७.

खात्री करा: १०१७२४ चा वर्ग −१ यायला हवा. दुसरी खूण: २२२०५५ च्या वर्गाची बाकी २२२०५४, बरोबर एकने कमी. या दोन्ही जुळल्या तर य ची साखळी ५०० आणि ७५० पर्यंत बरोबर आहे. नाही जुळल्या तर शेवटच्या ओळीत चूक शोधू नका. य^२५ पर्यंत मागे जाऊन दोन्ही ताळे पुन्हा करा.

संगणकावर करणाऱ्यांसाठी थोडक्यात: पायथनमध्ये पॉव या फंक्शनला पाया, घातांक आणि भाजक अशा तिन्ही संख्या द्या. आधी पूर्ण घात काढून मग बाकी घेऊ नका. वर्गमूळ हवं असेल तर साधं एसक्यूआरटी नव्हे, आयएसक्यूआरटी. साधं फंक्शन मोठ्या पूर्णांकांना जवळची किंमत देतं. एक्सेलमध्ये हे काम मुळीच करू नका. तिथे १५ अंकांनंतरचे अंक शून्य होतात.

## टप्पा ५: सिद्धता मांडा

चार निकाल एका खाली एक लिहा:

७^२०५५०० = ४११०००, म्हणजे −१
७^१३७००० = २२२०५४
७^८२२०० = य^५०० × य^१०० = २८०२८२
७^३००० = १२७२०७

एकही १ नाही. पहिल्याचा वर्ग केला की ७^४११००० = १ मिळतं. आता युक्तिवाद. ज्या सर्वांत लहान घाताला ७ ची बाकी १ होते त्याला ७ ची ऑर्डर म्हणतात. ती ४११००० ला भागते. ती ४११००० पेक्षा लहान असती, तर वरच्या चार घातांकांपैकी एकाला तरी तिने भाग गेला असता आणि तिथे १ आला असता. तसं झालं नाही. म्हणून ऑर्डर नेमकी ४११०००. पण ४११००१ हून लहान आणि तिच्याशी सहमूळ (१ सोडून सामाईक अवयव नसलेल्या) संख्या जितक्या असतात, त्याहून ऑर्डर कधीही मोठी नसते. म्हणजे १ ते ४११००० मधली प्रत्येक संख्या ४११००१ शी सहमूळ आहे. म्हणून ४११००१ मूळ आहे.

टप्पा ३ मध्ये ७ पेक्षा लहान सगळे पाये बाद झालेच होते. म्हणून ७ हा सर्वांत लहान प्रिमिटिव्ह रूट, हेही आपसूक मिळालं.

इशारा: फक्त ‘७^४११००० = १’ एवढ्यावर थांबू नका. ती फर्माची कसोटी झाली, आणि ती संयुक्त संख्याही पार करतात. ३४१ = ११ × ३१, तरी २ पाया घेतला की ३४१ ही कसोटी पार करते. ५६१ = ३ × ११ × १७ ही तर तिच्याशी सहमूळ असलेल्या प्रत्येक पायाला पार करते.

## टप्पा ६: दोन वर्गांची बेरीज

४ ने भागून बाकी १ देणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि एकाच प्रकारे. हे वर्ग शोधायला १ पासून ६४१ पर्यंत चाचपडण्याची गरज नाही. आपल्याकडे १०१७२४ आहे, ज्याचा वर्ग −१ आहे. ४११००१ आणि १०१७२४ यांचा मसावि काढायला बसल्यासारखं भागत जा:

४११००१ = ४ × १०१७२४ + ४१०५
१०१७२४ = २४ × ४१०५ + ३२०४
४१०५ = १ × ३२०४ + ९०१
३२०४ = ३ × ९०१ + ५०१
९०१ = १ × ५०१ + ४००

वर्गमुळाहून, म्हणजे ६४१ हून, लहान असलेली पहिली बाकी ५०१. तिच्या पुढची ४००. थांबा.

५०१ चा वर्ग २५१००१, ४०० चा वर्ग १६००००. बेरीज ४११००१.

इतकं देखणं उत्तर कॅम्पच्या पिनकोडात दडलेलं असेल असं सहसा कोणाला वाटत नाही. मुलांना फळ्यावर हे करून दाखवा, पुढचा अर्धा तास कोणी घड्याळ बघत नाही.

सामान्य चूक: भागाकार शेवटपर्यंत, बाकी १ येईपर्यंत नेणं. वर्गमूळ ओलांडल्यावर पहिल्या दोन बाक्याच घ्यायच्या. दुसरी चूक म्हणजे दोन वर्ग सापडले एवढ्यावर संख्या मूळ म्हणणं. ६५ = ८ × ८ + १ × १, पण ६५ मूळ नाही.

## टप्पा ७: दशांश आवर्तन

१ भागिले ४११००१ केलं की दशांश अंक किती लांबीनंतर पुन्हा सुरू होतात? ही लांबी म्हणजे १० ची ऑर्डर. घाईघाईत ४११००० लिहू नका. २ आणि ५ दोन्ही वर्गशेष आहेत हे टप्पा ३ मध्ये दिसलं, म्हणून त्यांचा गुणाकार १० सुद्धा वर्गशेष. म्हणजे लांबी २०५५०० ची विभाजक असणार, पूर्ण ४११००० कधीच नाही. नेमकी लांबी काढायला २०५५०० ला २, ३, ५, १३७ ने एकेकदा भागून पाहा. जिथे १० चा घात अजूनही १ येतो तिथे तो भाग कायमचा काढून टाका आणि पुन्हा भागा.

## टप्पा ८: संख्या बदलली तर

इथे ४११००० चे अवयव सहज पडले, म्हणून सगळं जमलं. हाच गुण गुप्त संदेशांसाठी दोष ठरतो. एक वजा केल्यावर अवयव इतके लहान पडत असतील तर गुप्त ठेवलेला घातांक लपत नाही, म्हणून त्या कामाला अशी संख्या घेत नाहीत.

अवयव पडत नसतील तर आधी मिलर–राबिन कसोटी (फर्माच्या कसोटीचंच अधिक कडक रूप) लावा. १३,७३,६५३ हून लहान संख्येला २ आणि ३ हे दोन पाये पुरतात, ३,२१,५०,३१,७५१ हून लहान संख्येला २, ३, ५, ७. या मर्यादांच्या आत ती कसोटी सिद्धताच आहे. मर्यादेबाहेर पाये कमी पडले तर ‘बहुधा मूळ’ असंच लिहा. २^१३६२७९८४१ − १ ही २०२४ मध्ये सापडलेली ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या वेगळ्या वाटेने सिद्ध होते. तिथे एक मिळवल्यावर अवयव सोपे, नुसते २ चे घात, म्हणून लुकास–लेमर कसोटी लागते.

सरावाला मगरपट्ट्याचा ४११०१३ घ्या. ४११०१२ = २^२ × ३^२ × ७^२ × २३३. संख्येला ८ ने भागून बाकी ५, म्हणून पाया २ पासून सुरू करा. दोन वर्गांत शेवटी ६३ आणि ६३८ यायला हवेत. रास्ता पेठेचा ४११०११ त्याचा जुळा आहे: फरक फक्त २ चा, आणि दोन्ही मूळ.

मग विद्यापीठाचा ४११००७. इथे दोन फरक आहेत. ४ ने भागून बाकी ३, म्हणून टप्पा ६ लागूच होत नाही, आणि टप्पा ३ मध्ये ३ किंवा ७ साठी उलटं पाहताना चिन्ह बदलतं. ते विसरलात तर ३ वर्गशेष ठरवून बसाल. तो नाही, आणि सुरुवात त्याच्यापासूनच करायची. दुसरं, ४११००६ = २ × ३ × ६८५०१. आधी ६८५०१ मूळ आहे हे याच पद्धतीने सिद्ध करा, मगच वर या. ६८५०० = २^२ × ५^३ × १३७, म्हणजे ४११००० चा सहावा भाग, तेव्हा त्याचे अवयव तुमच्या वहीत टप्पा २ खाली लिहिलेलेच आहेत.